एकास शंभर

दादाच्या डोक्यात गाठ आहे हे मला रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर ताटं उचलताना कळलं, आणि तेही वहिनीच्या तोंडून निसटलं म्हणून. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला माणूस गुरुवारी येणार होता. "गुरुवारी तुम्ही हॉस्पिटलात, मग त्याला शुक्रवारी..." एवढं बोलून ती थांबली. कसलं हॉस्पिटल, मी विचारलं. दादाने पाण्याचा पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

मी त्याची धाकटी बहीण. बावीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्तातली हॉर्मोन मोजते. शहरात कोणाच्या थायरॉइडमध्ये, अॅड्रिनलमध्ये किंवा मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघाली, की त्याचं रक्त बहुधा माझ्या टेबलावरून जातं. काही जण दर सहा महिन्यांनी येतात, दहा-दहा वर्षं येत राहतात. त्यांचे चेहरे मला ठाऊक नसतात, आकडे असतात. आणि सख्ख्या भावाची गाठ मला उष्टी ताटं हातात घेऊन कळत होती.

दादाचं केस कापायचं दुकान आहे. एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी भिंतीलगत बाक. गेलं वर्षभर त्याचं काहीतरी बिनसलं होतं, पण प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक कारण तयार होतं. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक त्याला दिसायचं नाही; लोक म्हणायचे, धंदा वाढला तशी ओळख कमी झाली. कोपर लागून आरशापुढच्या बाटल्या पडायच्या. वहिनी म्हणायची, लक्ष नाही. घरातल्या दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. त्यावर ती म्हणायची, तीस वर्षं दार तिथेच आहे, तेच तुमच्या वाटेत येतं का? दाढी त्याला आता चार दिवसांतून एकदा करावी लागायची, आणि याचं त्याला कौतुकच होतं. डोकं दुखायचं. मी चष्मा बदल म्हणाले होते. एवढंच मी केलं होतं.

चष्मा बदलायला गेला तेव्हा चष्मेवाल्याने ओळखलं, की याला समोरचं सगळं दिसतं आणि दोन्ही कडांचं काहीच दिसत नाही. त्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी एमआरआयला. एमआरआयमध्ये पिट्युटरीवर गाठ दिसली, डोळ्यांच्या नसांना खालून दाबत बसलेली. मग हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाई, मग सर्जन. तीन आठवड्यांत एवढं सगळं झालं आणि मला पत्ता नाही. गुरुवारी नाकातून वर जाऊन गाठ काढायची असं ठरलं होतं.

मला का सांगितलं नाही, हे मी विचारलं. तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस, आणि मलाही झोपू दिलं नसतंस. ऑपरेशन झाल्यावर सांगणार होतो." हे त्याने असं सांगितलं, की जणू माझ्यावर उपकारच केले. वहिनी म्हणाली, मी रोज म्हणत होते सांगा, पण ऐकतो कोण. मग तिने हळूच सांगितलं, की रात्री ते उठून बसतात. लोकांच्या डोक्याशी आयुष्यभर पातं धरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातल्या पात्याची भीती वाटत होती. सर्जननी कागदावर सही घेतली होती. त्यावर काय काय होऊ शकतं याची यादी होती, आणि नजर आहे तीही जाऊ शकते हे त्यात तिसऱ्या ओळीवर होतं. ती ओळ दादाला पाठ झाली होती. नजर गेली तर दुकान गेलं. बाकी काही त्याला येत नव्हतं, आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

मी फाइल मागितली. त्याने कपाटातून, स्वेटरच्या घडीखालून काढली. एमआरआयचा अहवाल पहिल्यांदा वाचला. गाठ बेचाळीस मिलिमीटर. म्हणजे बऱ्यापैकी लिंबाएवढी. त्यामागे रक्ताचा रिपोर्ट होता. वर आमच्या लॅबचं नाव, खाली माझी सही.

ही तपासणी शहरात आमच्याकडेच होते, नाहीतर तो तिकडे फिरकलाही नसता. मी दुपारच्या पाळीला असते हे हेरून तो मागच्या सोमवारी सकाळी येऊन रक्त देऊन गेला होता. संध्याकाळी मी पडद्यावर आकडे तपासले आणि मंजूर केले. पडद्यावर नावं नसतात, फक्त नंबर. त्या दिवशीच्या तीनशे दहा नंबरांत एक माझा भाऊ होता.

प्रोलॅक्टिन चौऱ्याण्णव, असं रिपोर्टात होतं.

इथे दोन शब्द सांगायला हवेत. प्रोलॅक्टिन हे बाळंतिणीला दूध आणणारं हॉर्मोन. पुरुषांतही असतं, पण थोडं, पंधरा-वीसच्या आत; फार वाढलं तर दाढीची वाढही मंदावते. पिट्युटरीची गाठ दोन तऱ्हेची असू शकते. एक नुसतीच बसलेली, स्वतः काही न करणारी. ती शेजारच्या भागाला दाबते, त्यामुळे प्रोलॅक्टिन थोडंफार वाढतं, शंभराच्या आगेमागे. तिला ऑपरेशन. दुसरी स्वतःच प्रोलॅक्टिन बनवणारी. तिचा आकडा हजारांत जातो, आणि तिच्यावर गोळ्या लागू पडतात. बहुतेक वेळा कात्री लावावीच लागत नाही. चौऱ्याण्णव म्हणजे पहिली. डॉक्टरीणबाईंनी तसं मानलं, सर्जननीही मानलं. आकड्यावर माझी सही होती, मग का नाही मानणार?

पण बेचाळीस मिलिमीटर आणि चौऱ्याण्णव हे शेजारी-शेजारी वाचल्यावर माझ्या मनात एक जुना नियम उभा राहिला. चिठ्ठीवर पिट्युटरीची गाठ असं लिहिलेलं असलं, की तो नमुना आम्ही दोनदा चालवतो: एकदा जसाच्या तसा आणि एकदा शंभर पट पातळ करून. मी रिपोर्टाच्या कोपऱ्यात बघितलं. तपासणीचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, डोकेदुखी.

हे कोणी लिहिलं, मी विचारलं.

"मीच सांगितलं," दादा म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली होती, त्यावर मोठ्या अक्षरात गाठ लिहिलेलं. ती तुझ्या खिडकीवरच्या बाईंना दिली असती तर संध्याकाळपर्यंत तू माझ्या दारात. म्हणून म्हटलं चिठ्ठी घरी राहिली, तपासण्या तोंडी सांगतो. त्यांनी विचारलं काय होतंय, मी म्हटलं डोकं दुखतंय. खोटं नाही बोललो."

खोटं नव्हतंच. मी ताटं तशीच ठेवली आणि लॅबमध्ये काम आहे म्हणाले. खात्री नसताना मला काही बोलायचं नव्हतं. गुरुवारची धास्ती घेऊन बसलेल्या माणसाच्या हातात आशा द्यायची आणि दोन तासांनी काढून घ्यायची, हे त्या ऑपरेशनपेक्षा वाईट झालं असतं.

तपासून झालेले नमुने आम्ही सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतो. आठव्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीचे लोक रॅक रिकामे करतात. दादाचं रक्त सोमवारचं होतं आणि उद्या सोमवार होता.

रविवारच्या पाळीला आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ होते. त्यांना सगळे घड्याळ म्हणतात, कारण कुठलंही काम सांगितलं की ते आधी भिंतीकडे बघतात. मला बघूनही त्यांनी भिंतीकडे बघितलं. म्हणाले, मॅडम, रविवारी साडेतीनला माणसं एकतर आजारी असतात नाहीतर भांडून आलेली असतात. मी नंबर सांगितला आणि सोमवारचा रॅक काढायला मदत कराल का विचारलं. कोणाचा आहे, त्यांनी विचारलं. भावाचा, मी म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं नाही.

नळी मागच्या रांगेत सापडली. तळाशी जेमतेम अर्धा मिलिलिटर सीरम होतं, फिकट पिवळं. नंबर मी वाचला, मग त्यांनी वाचला, मग आम्ही तो पडद्यावर पुन्हा जुळवला.

पहिल्यांदा जसंच्या तसं चालवलं. मशीनने अठरा मिनिटं घेतली आणि शहाण्णव दाखवलं. म्हणजे सोमवारी मशीन बिघडलेलं नव्हतं. त्याला जे दिसत होतं तेच ते सांगत होतं. प्रश्न त्याला काय दिसत नव्हतं हा होता.

हे मशीन हॉर्मोनचा एकेक कण दोन हातांनी पकडतं. एक हात नळीत रोवलेला, दुसऱ्या हातात दिवा. एकाच कणाला दोन्ही हात लागले तरच दिवा नळीत राहतो. शेवटी नळी धुतात आणि उरलेले दिवे मोजतात. जितके दिवे तितकं हॉर्मोन. पण कण अफाट झाले तर रोवलेले सगळे हात वेगळ्या कणांनी भरून जातात आणि दिव्यांचे हात वेगळ्याच कणांना धरून तरंगत बसतात. धुताना ते दिवे वाहून जातात. मशीनला अंधार दिसतो आणि ते म्हणतं, थोडंसंच आहे. फार जास्त झालं की कमी दिसतं. हे माहीत असलेला माणूस पातळ करून बघतो. पातळ करायला कारण मात्र चिठ्ठीवर लागतं.

मी दहा मायक्रोलिटर सीरम घेतलं, त्यात नऊशे नव्वद पातळ करायचं द्रावण घातलं. एकास शंभर. शेजारी एकास दहाची एक नळी केली. आणि तिसरी नळी दुसऱ्याच एका रुग्णाची, ज्याचं प्रोलॅक्टिन अठ्ठ्याऐंशी होतं, तीही एकास दहा. माझं पातळ करणंच चुकलं असं उद्या कोणी म्हणायला नको. पिपेट धरताना माझा हात नेहमीसारखाच होता. याचं मला नंतर नवल वाटलं.

अठरा मिनिटं आम्ही दोघं मशीनसमोर बसलो. घड्याळांनी त्यांच्या डब्यातली दोन बिस्किटं काढून एक मला दिलं. भाऊ काय करतो, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, मग तर वाचायलाच हवा, चांगला न्हावी आणि चांगला दंतवैद्य शहरात दोन-दोनच असतात.

दुसऱ्या रुग्णाची नळी आधी आली. आठ पूर्णांक नऊ. दहाने गुणलं की एकोणनव्वद, जसं हवं तसं. मग दादाची एकास दहा: मशीनने आकडाच दिला नाही, मर्यादेच्या वर एवढंच दाखवलं. मग एकास शंभर. एकशे शहाऐंशी.

मी शंभराने गुणायच्या आतच घड्याळ म्हणाले, "अठरा हजार सहाशे." मग पडद्यावरचा आकडा त्यांनी पुन्हा एकदा वाचला. "मॅडम, पाणी घालून दूध घट्ट झालेलं मी पहिल्यांदा बघतोय."

मला हसू आलं, आणि मग थांबेना.

डॉक्टरीणबाईंना मी लगेच फोन केला. त्या मुलाला गणित शिकवत होत्या, मागे तो सात आठे किती यावर वाद घालत होता. तो रिपोर्ट माझ्या सहीचा आहे हे मी आधी सांगितलं, मग आकडे सांगितले, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. त्या दाराआड गेल्या असाव्यात, कारण मुलाचा आवाज बंद झाला.

"नळी त्यांचीच, नक्की?"

"दोघांनी दोनदा जुळवली."

"मी गाठ आहे म्हणून चिठ्ठीत लिहिलं होतं. तुम्ही पातळ करून बघितलं असणार असं धरून चालले. एवढ्या मोठ्या गाठीला आकडा लहान वाटला होता मला, पण म्हटलं लॅबने बघितलंय."

"आम्हाला वाटलं डोकं दुखतंय. ती चिठ्ठी त्याच्या खिशातच राहिली."

मग त्या म्हणाल्या, उद्या सकाळी ताजं रक्त घ्या, पुन्हा दोन्ही तऱ्हांनी चालवा, मी सर्जनशी बोलते. ते पक्कं होईपर्यंत त्यांना ऑपरेशन रद्द झालं असं सांगू नका. मी नाहीच सांगणार होते. फक्त वहिनीला फोन करून सांगितलं, की उद्या सकाळी दादाला एक तपासणी परत करायची आहे, आणि येताना ती चिठ्ठी आणायची, नाहीतर खिडकीवरून परत पाठवीन.

सोमवारी तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. चिठ्ठी चार घड्या घालून आणली होती. खिडकीवरच्या बाईंनी ती वाचली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. मागच्या वेळी डोकेदुखी होती ना, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, डोक्यातलीच आहे, तेव्हा आत किती ते सांगितलं नव्हतं. रक्त मी काढलं नाही, घड्याळांनी काढलं. त्या दिवशी सुट्टी असूनही ते आले होते, आणि कारण काही सांगितलं नाही.

ताज्या रक्तात आकडा एकोणीस हजार दोनशे निघाला. जसंच्या तसं चालवल्यावर तो पुन्हा नव्वदच्या घरात होता. दोन्ही आकडे मी एकाच कागदावर छापले आणि खाली सही करताना माझं नाव नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं. दुपारी सर्जननी गुरुवारच्या यादीतून त्याचं नाव काढलं. सर्जनबद्दल एवढं सांगायला हवं, की ते जराही वाकड्यात गेले नाहीत. ज्या गाठीला कात्री लागत नाही ती मला नको, असं ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

दादाला हे डॉक्टरीणबाईंच्या खोलीत कळलं. मी आणि वहिनी त्याच्या दोन बाजूंना बसलो होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आठवड्यातून दोनदा गोळी, सुरुवातीला अर्धी, रात्री जेवणाबरोबर, आणि उठताना सावकाश उठायचं. त्याने विचारलं, मग ऑपरेशन कधी? त्या म्हणाल्या, नाही करायचं. बहुतेक कधीच नाही. त्याचा विश्वास बसेना. लिंबाएवढी गाठ आणि अर्धी गोळी, हे त्याला कुठल्याच हिशेबात बसेना. आणि दूध आणणारं हॉर्मोन आपल्या रक्तात एकोणीस हजार आहे हे ऐकून त्याने वहिनीकडे बघितलं. तिने तोंडावर पदर धरला होता, पण खांदे हलत होते.

मशीन का फसलं, हे त्याला समजून घ्यायचं होतं. मी दोन हातांची गोष्ट सांगितली.

"म्हणजे असं बघ," तो म्हणाला. "गिऱ्हाईक एक असलं, की एका हातात त्याचं डोकं, दुसऱ्या हातात कात्री. काम होतं. एकदम हजार जण घुसले, की धरलंय एकाचं डोकं आणि कात्री चाललीय दुसऱ्याच्या कानाजवळ. केस कोणाचेच कापले जात नाहीत. संध्याकाळी जमिनीवर केस किती पडले ते बघून तू म्हणणार, आज धंदा नव्हता."

"बरोबर," मी म्हणाले.

"मग तू काय केलंस, शास्त्रज्ञबाई?"

"शंभरातले नव्व्याण्णव बाहेर पाठवले आणि मग मोजलं."

डॉक्टरीणबाईंनी वही ओढून हे लिहून घेतलं. पुढच्या रुग्णाला असंच सांगेन म्हणाल्या.

गुरुवारी तो दुकानात जाऊन बसला. पण तिथे एक गंमत झाली होती, जी मला वहिनीने सांगितली. ऑपरेशननंतर महिनाभर दुकान बंद राहणार म्हणून त्याने आधीच्या आठवड्यात नेहमीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून घेतलं होतं. कारण सांगितलं नव्हतं, गावाला जातोय म्हणाला होता. सगळे येऊन बारीक केस कापून गेले होते. आता महिनाभर कोणाच्याच डोक्यावर कापण्यासारखं काही नव्हतं. तो दार उघडून, आरसा पुसून, खुर्चीत स्वतःच बसून राहिला. रस्त्यावरून जाणारे डोकावून विचारायचे, गावाला गेला नाहीस? तो म्हणायचा, गावानेच नको म्हटलं.

पहिल्या दोन गोळ्यांनंतर त्याला मळमळलं आणि उठताना भोवळ आली. तिसरीला नाही. डोकेदुखी दहा दिवसांत गेली. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं तेव्हा आकडा अकराशे पन्नासवर आला होता. मी तो मंजूर केला आणि त्याला फोन केला नाही. रुग्णाला आकडा डॉक्टर सांगतात, लॅब नाही, हे मी इतकी वर्षं पाळलं आहे. त्याने मात्र मला फोन केला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, सांगू नकोस, फक्त तू आज रात्री झोपणार का एवढं सांग. मी झोपणार म्हणाले.

आमच्या लॅबप्रमुखांना मी सगळं लिहून दिलं होतं, माझ्या सहीसकट. ते शांत माणूस आहेत. त्यांनी दोनदा वाचलं. खिडकीवरच्या बाईंची चूक होती का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही. तुमच्या भावाची? मी म्हणाले, थोडी, पण लोक असं करणारच. आजार लपवायला माणसाला शंभर कारणं असतात आणि त्यातली निम्मी प्रेमाची असतात. चिठ्ठी खरी असेल यावर आमचं काम अवलंबून राहता कामा नये. आठवडाभरात नवीन पद्धत लागू झाली. पुरुषाचं प्रोलॅक्टिन पन्नासच्या वर गेलं, की चिठ्ठीवर काहीही असो, नमुना आपोआप एकास शंभर होतो. घड्याळांनी तो कागद मशीनच्या बाजूला चिकटवला. कामाला वीस मिनिटं जास्त लागतात याबद्दल ते रोज कुरकुरतात, आणि रोज न विसरता करतात.

सहा आठवड्यांनी नजरेची तपासणी होती. खरी परीक्षा तीच होती, आणि आदल्या दिवसापासून दादा कोणाशी धड बोलत नव्हता. गाठ लहान होणं एक आणि दाबलेली नस पुन्हा जिवंत होणं दुसरं. वर्षभर दाबलेली नस कधी कधी उठतच नाही. हे डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं, आणि मीही नाही म्हणू शकले नव्हते.

डोळ्यांच्या दवाखान्यातली ती खोली अंधारी असते. एक मोठं पांढरं अर्धगोल भांडं, त्याच्या कडेला हनुवटी टेकायची, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. भांड्यात कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकतात, मग दुसरा. मी आणि वहिनी मागे स्टुलांवर होतो. तपासणारी मुलगी म्हणाली, बोलायचं नाही, डोळा हलवायचा नाही, दिसेल तेव्हाच दाबायचं.

टिक. टिक. मग बराच वेळ काही नाही. वहिनीने माझा हात धरला. तिची नखं लागत होती, पण मी हात सोडवून घेतला नाही. टिक. मग पुन्हा टिक, टिक, टिक, पाऊलभर अंतर ठेवून कोणी चालावं तसं. त्याच्या मानेवरचे केस वाढलेले होते. स्वतःचे कापायला त्याला कोणी मिळत नाही. मी त्या केसांकडे बघत टिका मोजत होते. दुसऱ्या डोळ्याला एकशे चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग मोजायचं सोडून दिलं.

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. पहिल्या तपासणीच्या कागदावर प्रत्येक डोळ्याची बाहेरची अर्धी बाजू काळी होती, शाई सांडावी तशी. आताच्या कागदावर उजव्या डोळ्याला वरच्या कोपऱ्यात एक राखाडी ढग उरला होता, डाव्याला तोही नव्हता. म्हणाले, हा ढगही जाईल असं वाटतं. नाही गेला तरी कामात तुम्हाला जाणवणार नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, काही वर्षं. दर तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी एमआरआय. दादाने विचारलं, म्हणजे गाठ अजून आहे? डॉक्टर म्हणाले, आहे, लहान होते आहे. यावर दादा काय म्हणेल याची मला काळजी होती. तो म्हणाला, "असू दे. तिला कोणी घाई केलेली नाही."

बाहेर ऊन होतं. फुटपाथ रुंद होता, तिघं एका ओळीत चाललो. तो मध्ये, वहिनी त्याच्या डाव्या हाताला, मी उजव्या. तो बोलायला लागला तो थांबेना. ती मुलगी म्हणाली म्हणे की एवढा स्थिर डोळा तिने क्वचित बघितला. न्हाव्याचाच असणार म्हणे. शेवटच्या पन्नास उजेडांतला एकही आपण चुकवला नाही. खरं तर पहिल्यापासून आपल्याला ठाऊक होतं की काही होणार नाही, उगीच तुम्ही दोघी घाबरलात. तो समोर बघून, छाती काढून हे सांगत होता. वहिनीने त्याच्या डाव्या बाजूने माझ्याकडे बघायला मान जराशी पुढे काढली, डोळे वर फिरवले आणि ओठ मुडपून त्याची नक्कल केली.

दादाने मान वळवली नाही. चालता चालता, समोरच बघत तो म्हणाला, "दिसतंय मला."